चाळीस कोट, ऐंशी खिसे

मापबाईला बाहेर येऊन दहा महिने झाले होते, तरी बंद दार दिसलं की ती अजून थांबायची. दार नुसतं लोटलेलं असलं तरी थांबायची. हात पुढे करावा, कडी काढावी, आत शिरावं, हे जे तुम्हाआम्हाला चालायला लागल्यापासून जमतं, ते तिच्या पुन्हा अंगवळणी पडेना. तुरुंगात सहा वर्षं प्रत्येक दार दुसऱ्या कुणीतरी उघडलं होतं आणि दुसऱ्याच कुणीतरी लावलं होतं. एकदा पोस्टाच्या काचेच्या दारापुढे ती इतका वेळ उभी राहिली, की येणारेजाणारे तिलाच विचारायला लागले, तिकिटं कुठे मिळतात म्हणून. तिनं सगळ्यांना तीन नंबरची खिडकी सांगितली, कारण काचेतून पाटी दिसत होती. शेवटी आतला एक कारकून चहाला बाहेर निघाला, तेव्हा त्याच्या काखेखालून ती आत घुसली.

मापबाई हे नावही आतलंच. शिवणखात्यात होती तेव्हा पडलेलं. समोरच्या बाईला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं की छाती, कंबर, उंची ती घडाघडा सांगायची, आणि मागून टेप लावली तर बोटभरही फरक निघायचा नाही. ‘हिच्यापुढे पोट आत घेऊन काही उपयोग नाही,’ असं बायका म्हणायच्या.

आत कशासाठी गेली होती, हे लपवण्यासारखं नाही आणि मिरवण्यासारखं तर नाहीच नाही. ती टायपिंगच्या दुकानात कामाला होती. लोकांना दाखले लागायचे, वयाचे, शिक्षणाचे, राहत्या पत्त्याचे. ज्याच्याकडे नसेल त्याला ही करून द्यायची, आणि असा हुबेहूब की ज्या साहेबाचा शिक्का त्यालाही वाटावं, हा आपणच मारलाय. पहिला कुणाची तरी नड म्हणून केला, दुसरा ओळखीखातर, आणि मग चटक लागली. नवरा तोवर दुसरा संसार थाटून मोकळा झालेला. पोलीस आले तेव्हा लेक आठ वर्षांची होती आणि दारात उभी राहून पेन्सिल चघळत होती. मापबाईच्या धाकट्या बहिणीनं पोरीला त्याच दिवशी स्वतःच्या घरी नेलं आणि पोटच्या पोरीसारखं वाढवलं.

तेव्हापासून मापबाईनं कानाला खडा लावला. कागदावर जे लिहिलंय तेच करायचं. त्यात एक काना कमी नाही, एक मात्रा जास्त नाही, आपल्या मनचं काहीच नाही.

आता सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत तीन शिलाई यंत्रं आणि कापायचं टेबल, मागच्या खोलीत ती राहायची. खाली दिवसभर कुणी ना कुणी घंटी वाजवून बघायचं, त्यामुळे वर सतत कुणीतरी दारात आल्यासारखं वाटायचं. कामाला तिच्याबरोबर दोघीजणी होत्या, दोघीही आतल्याच. एक आत्या, साठी उलटलेली, काज-बटणात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं काय केलं होतं ते ती दर वेळी वेगळं सांगायची, त्यामुळे विचारणारेच दमले. आत्याचा अंबाडा म्हणजे वखार होती. सुया, दोऱ्याचं रीळ, चष्मा आणि कधीकधी अर्धं बिस्किट त्यातून निघायचं. दुसरी तोफ. ती इस्त्री करायची आणि बोलायची, आणि दोन्ही सारख्याच तापानं.

मागच्या खोलीत दोन खाटा होत्या. एक मापबाईची. दुसरीवर दर रविवारी धुतलेली चादर पडायची आणि पुढच्या रविवारी तशीच, सुरकुती न पडलेली, पुन्हा धुवायला निघायची. ती खाट लेकीची होती, आणि लेक त्या खाटेवर अजून बसलीसुद्धा नव्हती.

लेक आता चौदा वर्षांची होती, आईपेक्षा टाचभर उंच. दर शनिवारी तीन वाजता यायची, खुर्चीच्या कडेवर बसायची, पिशवी मांडीवर धरायची आणि घड्याळाकडे बघायची. तुरुंगात भेटीला मुलाखत म्हणतात. जाळीच्या एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला तो, मध्ये वीस मिनिटं. पोरीनं सहा वर्षं तशाच भेटी घेतल्या होत्या, तिला आईला भेटायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. आता वीस मिनिटांचे दोन तास झाले होते एवढंच.

“चिमे, बिस्किट घे ना.”

“मला चिमी नको म्हणूस. मी काय आता चिमी आहे?”

शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत पोरीनं ठरवायचं होतं, मावशीकडेच राहायचं की आईकडे यायचं. धाकटीनं स्वच्छ सांगितलं होतं, “ताई, मी तिला अडवणार नाही आणि ढकलणारही नाही. तिचं तिला ठरवू दे.” मापबाईनं एकदा धीर करून विषय काढला, तर पोरगी बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसली आणि मग म्हणाली, “आणि पुन्हा काही चुकलं तर?”

“नाही चुकणार,” मापबाई म्हणाली. “आता मी कागदाबाहेर पाऊलच टाकत नाही.”

पोरीनं मान हलवली, पण ती मान हो म्हणत होती की नाही, ते मापबाईला कळलं नाही. साऱ्या जगाचं माप काढणाऱ्या बाईला स्वतःच्या पोरीचा थांग लागत नव्हता.

अशात एक दिवस जिना चढून इस्पितळाची मेट्रन आली. उंच, सडसडीत बाई, बोलताना शब्द मोजून देणारी. तिला नर्सांसाठी चाळीस पांढरे कोट हवे होते.

“शिवण कुठे शिकलात?” तिनं विचारलं.

आत्यानं खोकल्याचं नाटक केलं. तोफ चक्क गप्प बसली. मापबाई म्हणाली, “तुरुंगात.”

मेट्रननं तिघींकडे आळीपाळीनं पाहिलं. “मग वेळेची सवय असेल,” ती म्हणाली. “पंधरा दिवसांनी, सोमवारी सकाळी नऊला.” आणि टेबलावर एक कागद ठेवून निघून गेली.

कागदावर सगळं व्यवस्थित होतं. तीन मापं, प्रत्येकाची लांबी, छाती, बाही, उलटी कॉलर, पुढे पाच बटणं. मापबाईनं तो भिंतीवर डकवला. पंधरा दिवस तिघी त्या कागदाबरहुकूम जगल्या. मापबाई कापायची आणि जोडायची, आत्या काजं घालायची, तोफ इस्त्री फिरवून एकेक कोट दोरीवर टांगायची आणि प्रत्येक कोटाला नाव ठेवायची, हा चिडका, हा लाजरा, ही बाई नवऱ्याला धाकात ठेवणार. शनिवारी दुपारी चाळिसावा कोट टांगला गेला. खोलीभर कोट, जणू सगळं इस्पितळच पाहुणं आलंय. दोन दिवस हातात होते, शिवणीत खोट काढून दाखव असं कुणालाही म्हणता आलं असतं. तोफेनं इस्त्री बाजूला ठेवून दोन उड्या मारल्या, तर खालून सायकलवाल्यानं छताला काठी ठोकली.

तीन वाजता लेक आली, आणि आज पहिल्यांदा खुर्चीकडे न जाता कोटांकडे गेली.

“हे सगळे तुम्ही केले?”

“नाही, झाडाला लागले होते,” तोफ म्हणाली. “घालून बघ की एखादा. मधल्या मापाचा घे, तुला बसेल.”

पोरीनं पिशवी खांद्यावरच ठेवून कोट चढवला. कपाटाच्या आरशापुढे उभी राहिली. हनुवटी वर केली, भुवया आवळल्या, अगदी एखादी कडक नर्स. पोरगी आरशात खुदकन हसली, मग दोन्ही हात ऐटीत खाली नेले, आणि ते कोटावरून नुसते घसरले. तिनं पुन्हा नेले. पुन्हा घसरले.

“आई, हात कुठे घालायचे?”

“बाहीत,” आत्या म्हणाली. “घातलेत की.”

“तसं नाही हो. खिशात. खिसे कुठे आहेत?”

तिघींनी तिच्याकडे पाहिलं, मग कोटांकडे पाहिलं, मग एकमेकींकडे. तरीही क्षणभर कुणाच्या डोक्यात प्रकाश पडेना. त्यात त्यांचाही दोष नव्हता. आत खिसा चालत नाही. खिसा असला की त्यात काही ठेवता येतं, आणि ठेवता आलं की लपवता येतं, म्हणून आतल्या कपड्यांना खिसाच नसतो. मापबाईनं सहा वर्षांत हजारावर कपडे शिवले असतील, एकालाही खिसा लावला नव्हता. तिच्या स्वतःच्या अंगातल्या निळ्या सदऱ्यालाही नव्हता, खोलीची किल्ली ती दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. आत्याचा अंबाडा, तोफेची दुमडलेली बाही, हेच त्यांचे खिसे. बाहेर येऊनही तिघींपैकी एकीलाही काही कमी आहे असं वाटलं नव्हतं.

“अगं बाई,” आत्या म्हणाली आणि मटकन स्टुलावर बसली.

तोफ भिंतीकडे धावली. “कागदावर कुठंय? दाखवा मला! लांबी आहे, छाती आहे, बटणं आहेत. खिशाचं नाव तरी आहे का?”

नव्हतं. मेट्रननं लिहिलंच नव्हतं, आणि का लिहावं? खाट मागवताना तिला पाय असावेत असं कुणी लिहून देतं का?

“मग झालं तर!” तोफ म्हणाली. “चूक त्यांची. जसं लिहिलं तसं शिवलं. सोमवारी देऊन टाकायचे, आणि काही बोलल्या तर कागद नाचवायचा. कागद आपल्या बाजूनं आहे.”

खरंच होता. आयुष्यात पहिल्यांदा कागद मापबाईच्या बाजूनं होता. तिनं लेकीकडे पाहिलं. पोरीनं कोट काढला होता, खुर्चीच्या कडेवर बसली होती, पिशवी मांडीवर घेतली होती आणि घड्याळाकडे बघत होती. पुन्हा काही चुकलं तर, असं तिनं विचारलं होतं. चुकलं ते हे असं, तिच्या डोळ्यांदेखत, तिनंच शोधून काढलेलं. कागद पुढे करावा आणि सुटावं, असं तिला वाटलं नाही असं नाही. पण कागद पुढे करून दिवसभर कोट घालणाऱ्या बाईच्या हाताला काय सांगणार? तो खिसा शोधणार, आणि घसरणार, दिवसातून शंभर वेळा.

तिनं फोन उचलला.

“मेट्रनबाई, मी कोट शिवणारी बोलतेय. माझ्याकडून चूक झालीय. कोटांना खिसे लावायचे राहिले.”

“किती कोटांना?”

“सगळ्या.”

“चाळीसही?”

“एकसुद्धा सुटला नाही.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. “मी लिहिले नव्हते का?”

“नव्हते. पण मी विचारायला हवं होतं.”

खोलीत सगळ्यांचा श्वास रोखलेला, तोफेचासुद्धा, आणि हे रोज घडत नाही.

“सोमवारी नऊला?” मेट्रननं विचारलं.

“सोमवारी नऊला. खिशांसकट.”

“खोल करा,” मेट्रन म्हणाली. “आमच्या बायका खिशात काय काय कोंबतात, तुम्हाला कल्पना नाही.” आणि फोन ठेवला.

पोरगी आईकडे टक लावून बघत होती. “तू सांगून टाकलंस?”

“मग काय करणार?”

“आणि आता?”

“आता उसवायचं,” मापबाई म्हणाली. “बाजूची शिवण, इथून इथपर्यंत, वीतभर. तिथून आत पिशवी सोडायची आणि पुन्हा शिवायचं. चुकलं तर उसवता येतं, या कामातलं मला तेवढं फार आवडतं बघ. शिक्क्याचं तसं नसतं.”

पोरीनं पिशवी उचलली. मापबाईला वाटलं, निघाली. पण तिनं ती जमिनीवर ठेवली, भिंतीशी, आणि बाह्या वर सारल्या. “उसवायला मला येतं. मावशी म्हणते मी सगळंच उसवते.”

आत्यानं अंबाड्यातून लहान कात्री काढून तिच्या हातात दिली. एवढा मान आत्यानं तोफेलाही कधी दिला नव्हता.

आता प्रश्न कापडाचा. खिशाची पिशवी आत राहते, ती पांढरी हवी असं काही नाही, रंगीबेरंगीही चालते, पण ऐंशी पिशव्यांचं कापड आणायचं कुठून? पांढरा तागा तर बोटभर चिंधीपर्यंत संपला होता. कापडवाला शनिवारी दुपारी जे दुकान बंद करतो ते सोमवारी दहाशिवाय उघडत नाही. तोफ दोन उशांचे अभ्रे घेऊन आली, त्यात फार तर सहा पिशव्या निघाल्या असत्या.

“कापड आहे माझ्याकडे,” पोरगी अचानक म्हणाली, आणि कुणी काही विचारायच्या आत जिना उतरली.

तासाभरानं ती परत आली ती मावशीला घेऊन. दोघींच्या मध्ये एक जुनी सूटकेस, दोन्हीकडून धरलेली. धाकटी धापा टाकत होती आणि ताईच्या नजरेला नजर देत नव्हती. पोरीनं सूटकेस टेबलावर ठेवून उघडली.

आत फ्रॉक होते. पिवळे, निळे, बदकांचे, चौकड्यांचे, बारीक फुलांचे. मापबाईनं ते लगेच ओळखले. शिवणखात्याला दान आलेल्या रंगीत तुकड्यांतून तिनं ते लेकीसाठी शिवले होते, वर्षाला चार, सहा वर्षांत चोवीस. सगळे कोरे होते. एकाचीही इस्त्री मोडलेली नव्हती.

“ताई, मी खोटं लिहायचे,” धाकटी म्हणाली. “दर पत्रात. छान होतात, अंगासरशी बसतात म्हणून. एकही कधी झाला नाही गं तिला.”

मापबाईनं बहिणीकडे पाहिलं. आणि मग तिला एकदम हसू फुटलं. “म्हणजे तूही खोटे दाखले देत होतीस तर! आणि आत मी एकटीच गेले!”

धाकटी आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करायला लागली, तेव्हा आत्यानं तिला अंबाड्यातलं अर्धं बिस्किट दिलं.

फ्रॉक सगळे लहान होते. दर वेळी वर्ष-दोन वर्षांनी मागे. असं कसं झालं, ते मापबाईला आता कळलं. जाळीपलीकडे पोरगी नेहमी बसलेली असायची. आई आत यायच्या आधी तिला बसवायचे आणि आई गेल्यावर उठवायचे. सहा वर्षांत मापबाईनं तिला उभी पाहिलीच नव्हती. नजरेत ती दारात पेन्सिल चघळणारीच राहिली होती, आणि मापबाई दर वर्षी तिच्यात अंदाजानं दोन बोटं घालत गेली.

“मग ठेवलेस कशाला?” तिनं लेकीला विचारलं.

“टाकवले नाहीत,” पोरगी म्हणाली. आणि लगेच, रडू येईल या भीतीनं, फणकारली, “पण एकाला तरी खिसा द्यायचास! मला वाटायचं, माझ्या आईला खिसे येतच नाहीत.”

“येत होते. विसरले होते.”

मापबाईनं बदकांचा पिवळा फ्रॉक टेबलावर पसरला, मोठी कात्री हातात घेतली, आणि तिचा हात चालेना. हा तिनं पहिल्या हिवाळ्यात शिवला होता, बोटं गारठलेली असताना. पोरीनं शेजारी येऊन तिच्या हातावर हात ठेवला. “आई, मला हा आता होणार आहे का?”

“नाही.”

“मग काप.”

काप म्हणताना तिनंच आईच्या बोटांवर दाब दिला, आणि दोघींनी मिळून कापला.

रविवार म्हणजे नुसता धुमाकूळ होता. पोरगी रात्री राहिली होती, त्या दुसऱ्या खाटेवर झोपली होती, आणि सकाळी चादरीला अशा सुरकुत्या पडल्या होत्या की मापबाई त्यांच्याकडेच बघत उभी राहिली. तिनं ती चादर त्या रविवारी धुतली नाही. मग काम. पोरगी उसवायची, मापबाई कापायची, धाकटी टाचण्या लावायची आणि निम्म्या स्वतःच्या बोटात लावायची, तोफ यंत्रावर बसली होती आणि बेसूर गात होती. तिचं गाणं थांबवायला म्हणून खालचा सायकलवाला वर आला, तर आत्यानं त्यालाच उसवलेले दोरे गोळा करायला बसवलं. बिचारा तासभर मुकाट्यानं बसला. जाताना म्हणाला, बरं वाटलं.

दुपारी एकसष्टाव्या खिशापाशी पोरगी उठून उभी राहिली आणि टेप आईच्या हातात दिली.

“माझं माप घे.”

“मला दिसतंय की.”

“दिसून झालंय तुझं सहा वर्षं. नीट घे.”

मापबाईनं टेप लावली. खांद्यापासून मनगटापर्यंत, मानेपासून गुडघ्यापर्यंत. तिनं घाई केली नाही, आणि पोरगीही हलली नाही. आकडे आत्यानं लिहून घेतले. खरं सांगायचं तर ते लिहायची काही गरज नव्हती, ते मापबाईच्या आता जन्मभर लक्षात राहणार होते.

संध्याकाळी दिवा लावायच्या सुमारास ऐंशीवा खिसा बसला. धाकटी पोरीचं दप्तर आणि शाळेचे कपडे आणून देऊन गेली, कारण सोमवारी शाळा होती आणि पोरगी म्हणाली, आजही इथेच झोपते, उद्या गठ्ठे बांधायला कुणी नको का? ते एका दिवसापुरतं होतं की काय, हे विचारायचा मापबाईला धीर झाला नाही.

सोमवारी सकाळी एकच धांदल. पोरगी सात वाजताच शाळेला पळाली. तोफेनं कुलूप दाबून लावलं, आत्यानं जिन्यात दोनदा देवाचं नाव घेतलं, आणि नवाला पाच मिनिटं असताना तिघी गठ्ठ्यांसह इस्पितळात हजर झाल्या. मेट्रनच्या खोलीचं दार बंद होतं. मापबाई सवयीनं थांबली. तोफेनं तिला मागून गठ्ठ्यानं ढकललं.

मेट्रननं पहिला कोट उलटासुलटा करून पाहिला. कॉलर पाहिली, काजं पाहिली, मग दोन्ही बाजूंना हात घातले. हात आत गेले, मनगटापर्यंत गेले, आणि तिच्या त्या मोजक्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिनं खिसा बाहेर ओढला. पिवळ्यावर बदकं होती.

“बाहेरून दिसत नाही,” मापबाई घाईनं म्हणाली.

“तेच म्हणते,” मेट्रन म्हणाली. तिनं बदकं पुन्हा आत ढकलली, कोट अंगात चढवला आणि काढलाच नाही. “हा माझा.”

मग नर्सा आल्या. पाच मिनिटांत खोलीत कलकलाट झाला, जी ती खिसा उलटा करून बघतेय, तुझ्यात काय, माझ्यात फुलं, मला चौकडा नको, मला ती निळी मासोळी हवी. एकीनं तर दुसरीच्या अंगातला कोट उतरवून घेतला. मेट्रननं टेबलावर पट्टी आपटली, पण तिचा एक हात खिशातच होता. तिनं तिथंच सांगितलं की महिन्याभरात आयांचेही साठ कोट लागतील. “आणि या वेळी मी खिसे लिहीन,” ती म्हणाली.

या सगळ्या आनंदात मापबाईचा हात गळ्याशी गेला. दोरा नव्हता. किल्ली नव्हती. रात्री तिनं ती खिळ्याला अडकवली होती, सकाळी धांदलीत घ्यायची राहिली असेल, आणि तोफेनं तर कुलूप दाबून टाकलं!

“किल्ली!” ती म्हणाली. “आत राहिली!”

“खिशात बघ,” आत्या म्हणाली.

“थट्टा पुरे. मला कुठला आलाय खिसा?”

“बघ तरी.”

मापबाईनं निळ्या सदऱ्यावरून हात खाली नेला. उजव्या बाजूला, शिवणीत, तो आत गेला. खिसा वाकडा होता, एकीकडे वर चढलेला, टाके काही बारीक काही लांबच लांब, अशी शिवण शिवणखात्यात केली असती तर दिवसभर उभं केलं असतं. “काल तू न्हायला गेलीस तेव्हा शिवला,” आत्या म्हणाली. “मी सांगत होते सरळ घाल म्हणून, ऐकते कुठे!”

आत किल्ली नव्हती. वहीचा दुमडलेला कागद होता.

‘किल्ली माझ्याकडे आहे. शाळा चारला सुटते, तेव्हा घरी कुणी नसेल म्हणून घेतली. खिसा वाकडा झालाय, माहीत आहे. उसवू नकोस. — चिमी.’

मापबाईनं तो कागद दोनदा वाचला. मग तिसऱ्यांदा, फक्त शेवटचा शब्द. मग चाळीस नर्सांच्या समोर तिनं रडून घेतलं, आणि नर्साच त्या, त्यांनी तिला पाणी दिलं, खुर्ची दिली, एकीनं नाडीसुद्धा बघितली.

नऊपासून साडेचारपर्यंत बाई स्वतःच्या घराबाहेर होती, आणि तिला त्याचं सुखच वाटत होतं. आत्या आणि तोफेबरोबर तिनं चहा घेतला. मग एकटी हिंडली. कापडवाल्याकडून हिरवं कापड घेतलं, आकडे सांगून, टेप न लावता. सगळा वेळ तिचा उजवा हात खिशात होता. साडेचारला ती जिना चढली.

दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. आतून कडी होती. आत कुणीतरी भांडं ठेवलं, नळ सोडला, नळ बंद केला. मापबाई बंद दारापुढे थांबली, नेहमीसारखी. दार वाजवायला हवं होतं, पण थोडा वेळ ती नुसती ऐकत राहिली. मग तिनं बाहेरची कडी वाजवली.

“कोण?”

“मी. आई.”

“थांब गं, आले!” आतून लेक ओरडली. “हात ओले आहेत!”

मापबाई थांबली. थांबण्यात तिचा हात कोण धरणार होतं!